‘ब्लिंकवर टाका’ हा सल्ला मागे घ्या

रात्रीच्या राइडला निघण्याआधी टपरीवर चहा घेत आम्ही सायकली तपासतो, तेव्हा कुणी ना कुणी सांगतंच, “ताई, मागचा दिवा ब्लिंकवर टाका, लांबून दिसतं.” अलीकडे त्याला जोड आली आहे: “पुढचाही टाका, समोरचा दचकून बाजूला होतो.” सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. मीही हा सल्ला कित्येक नवख्यांना दिला आहे. आज तो मला जाहीरपणे मागे घ्यायचा आहे, आणि जे अजून देतात त्यांच्याशी भांडायचं आहे. अंधाऱ्या रस्त्यावर तो एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो, अशी माझी खात्री झाली आहे.

मत बदललं तेव्हा मी सायकलवर नव्हते, कार चालवत होते. सासवडहून पुण्याकडे येताना रात्री साडेनऊच्या सुमारास दिवे घाट उतरत होते. रस्त्याचं काम चाललेलं, कडेनं बॅरिकेड, आणि त्यांच्यावर लाल ब्लिंकर लुकलुकत होते. एक, दोन, तीन, चार. चौथा जरा आत सरकल्यासारखा वाटला, पण वळणावर असं वाटतंच, म्हणून मी वेग कमी केला नाही. हेडलाइटच्या झोतात अचानक एक टी-शर्ट आला, मग खाली-वर होणारे दोन पाय. मी ब्रेक दाबला, मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला, तो मुलगा वळून न पाहताच पुढे गेला. काही झालं नाही. घरी पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते.

त्याचा दिवा मला पहिल्यापासून दिसत होता, आणि म्हणूनच ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही. दिवा चांगला होता, चार्ज केलेला होता, शंभर-दीडशे मीटरवरून माझ्या नजरेत भरला होता. ‘लांबून दिसतं’ ही अट त्यानं पुरी केली होती. फक्त तो दिवा म्हणजे चालता-बोलता माणूस आहे हे मला कळलं नाही. मी त्याला बॅरिकेड समजले.

आपल्या रस्त्यांवर लाल लुकलुक कशाकशाची असते ते आठवून पाहा. दुभाजकाच्या टोकाला सौर ब्लिंकर असतो. मेट्रोच्या खांबांभोवतीच्या पत्र्यांवर असतो, टोलनाक्याच्या अलीकडे असतो, खणलेल्या खड्ड्याशेजारी असतो. शिवाय ट्रकच्या पाठीवरच्या एलईडी माळा आहेत, रस्त्याकडेच्या देवळाचं तोरण आहे, धाब्याची पाटी आहे. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात यातून एक अर्थ पक्का बसलेला असतो: लाल लुकलुकतंय म्हणजे तिथे काहीतरी उभं आहे, त्याच्या बाजूनं निघून जायचं. उलट लाल दिवा सलग जळताना दिसला की पुढे वाहन चाललं आहे असं तो धरतो, आणि त्याचा पाय आपोआप सैल होतो. सायकलस्वारानं ब्लिंकर लावला की तो स्वतःला चालत्या वाहनांच्या रांगेतून काढून उभ्या वस्तूंच्या रांगेत नेऊन बसवतो.

ओळख पटली तरी अंतराचा प्रश्न राहतोच. ताशी ७२ किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला २० मीटर पुढे सरकते. तुमचा दिवा सेकंदातून एकदा क्षणभर चमकत असेल, तर दोन चमकांच्या मध्ये चालकानं जवळजवळ २० मीटर रस्ता काटलेला असतो आणि तेवढा वेळ तुमच्या जागी काळोख असतो. पुढच्या चमकेला त्याच्या नजरेला तुम्हाला नव्यानं शोधावं लागतं. हलत्या वस्तूचा माग काढायला नजरेला धरून राहण्याजोगं काहीतरी लागतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोकळ्या मैदानावर रात्री करून पाहा. एका मित्राला ब्लिंकवर आणि दुसऱ्याला सलग दिव्यावर सायकल चालवायला सांगा, आणि ते जवळ येताहेत की लांब जाताहेत, किती पावलांवर आहेत, हे ओरडून सांगत राहा. आम्ही हा खेळ केला तेव्हा ब्लिंकवाल्याच्या बाबतीत आमचे अंदाज इतके फसले की खेळ म्हणून सुरू केलेलं सगळ्यांनी गप्प होऊन संपवलं.

‘पण लांबून तर ब्लिंकच दिसतो ना?’ काळोखात तेही खरं नाही. आंद्रे ब्लाँडेल आणि जाँ रे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९११ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला होता: दृष्टीच्या अगदी टोकाच्या अंतरावर क्षणभर चमकणारा दिवा डोळ्याला किती तेजाचा भासतो? त्यांचं सूत्र दीपस्तंभांच्या तंत्रात आजही वापरलं जातं. चमक जितके सेकंद टिकते त्या आकड्याला, त्यातच ०.२ मिळवून येणाऱ्या आकड्यानं भागायचं. चमक एक दशांश सेकंदाची असेल तर उत्तर येतं एक तृतीयांश. म्हणजे तोच दिवा, तेवढ्याच तेजाचा, सलग ठेवण्याऐवजी असा चमकवला तर अंधारात नजरेच्या टोकाला तो तिपटीनं मंद भासतो, आणि स्वच्छ हवेत तो दिसू लागण्याचं अंतर साधारण ५८ टक्क्यांवर येतं. काही कंपन्या ब्लिंक मोडमध्ये बल्बला जास्त करंट देऊन ही तूट भरून काढतात, हे मान्य. पण मग लांबून दिसण्याचं श्रेय त्या जादा तेजाला जातं, लुकलुकण्याला जात नाही.

दीपस्तंभाचा विषय निघालाच आहे, तर त्याचा दाखला देणाऱ्यांनाही उत्तर देऊन टाकते. ‘समुद्रावरचे दीपस्तंभ उघडझाप करतात, ते काय उगाच?’ असं मला ऐकवलं जातं. उगाच नाही. प्रत्येक दीपस्तंभाची लय ठरलेली असते, ती खलाशांच्या पुस्तकात नोंदलेली असते, आणि तीवरून हा खांदेरीचा की आणखी कुठला हे ओळखायचं असतं. ती लय म्हणजे त्या दीपस्तंभाचं नाव आहे. खलाशी ते नाव वाचतो, होकायंत्रानं दिशा घेतो, नकाशावर रेघ मारतो. त्याच्या हाताशी मिनिटं असतात, आणि दीपस्तंभ कुठे पळून जात नाही. आता त्याच समुद्रावर चालणारं जहाज स्वतःवर काय लावतं ते पाहा. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, डोलकाठीवर आणि मागे पांढरा दिवा असतो, आणि हे दिवे अखंड जळणारे हवेत असं त्या नियमांत म्हटलेलं आहे. खडक, वाळूचे दांडे, नांगरलेले बोये यांच्यावरचे दिवे लुकलुकतात आणि चालणारी जहाजं सलग दिवे लावतात. दर्यावर्दींनी ही विभागणी केव्हाच केली आहे. ब्लिंकवाल्या मित्रांनी दाखला दिला, पण तो माझ्या बाजूनं बोलतो.

रुग्णवाहिकेचा दाखलाही असाच. तिच्या टपावरचा दिवा फिरतो, पण तिचे हेडलाइट आणि टेल लाइट सलग जळतातच. विमानाच्या पंखांच्या टोकांवरचे लाल-हिरवे दिवे सलग असतात आणि लुकलुकणारे दिवे त्यांच्या जोडीला असतात. जिथे जिथे लुकलुक विचारपूर्वक वापरली आहे तिथे सलग दिवा ही भाकरी आहे आणि लुकलुक हे तोंडी लावणं. आपण नुसत्या तोंडी लावण्यावर रात्र काढायला निघालो आहोत.

आता पुढच्या दिव्याकडे येते. इथे मला राग आवरत नाही. पुढच्या दिव्याचं पहिलं काम स्वतःला रस्ता दाखवणं हे आहे. ताशी २५ किलोमीटरनं आपण सेकंदाला सात मीटर जातो. अर्धा वेळ विझलेला दिवा म्हणजे त्यातला निम्मा रस्ता आपण आंधळेपणानं चाललो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या साडेतीन मीटरमध्ये काय काय मावतं हे कुणा सायकलवाल्याला सांगायची गरज नाही. ताम्हिणीत धुकं उतरलेलं असताना हजार ल्यूमेनचा स्ट्रोब लावून पाहा: प्रत्येक चमकेला डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते आणि प्रत्येक विझण्याला काळी. आणि समोरून येणारा? ‘दचकून बाजूला होतो’ असं आपण म्हणतो, पण कुठल्या बाजूला? घाटात त्याच्या एका बाजूला दरी असते आणि दुसऱ्या बाजूला आपण. दचकलेला, डोळे दिपलेला चालक आपल्याला हवाय कशाला? त्याचे डोळे शाबूत असण्यावर आपला जीव अवलंबून आहे. दुचाकीवरून डबलसीट येणारं एखादं जोडपं, पुढे टाकीवर बसवलेलं पोर, यांच्या डोळ्यांत असला दिवा मारण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

सलग दिवासुद्धा चुकीच्या कोनात लावला तर तोच गुन्हा करतो. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक दिवे टॉर्चसारखा गोल झोत टाकतात. दिवा थोडा खाली वाकवा. भिंतीसमोर काही पावलांवर सायकल उभी करा, झोताचा सर्वांत तेजस्वी ठिपका दिव्याच्या उंचीच्या खाली पडला पाहिजे. एवढ्या दोन मिनिटांच्या कामासाठी कुणाला थांबायचं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता माझ्याविरुद्धचा सर्वांत जोरदार मुद्दा. तो मी टाळणार नाही. संध्याकाळी आठ वाजता कर्वे रस्त्यावर सलग दिवा लावून सायकल चालवा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत विझतच नाही. त्या पांढऱ्या दिव्यांच्या लोंढ्यात तुमचा एक बारका दिवा कुणाला दिसणार? मागेही तसंच, शेकडो टेल लाइट आणि ब्रेक लाइटांमध्ये तुमचा लाल ठिपका विरघळतो. इथे लुकलुक उठून दिसते, मान्य. पण ती इथे का चालते, हे विचारलं पाहिजे. पथदिव्यांच्या उजेडात चालकाला तुमची पाठ दिसते, चाकं दिसतात, पाय दिसतात. लुकलुकीनं त्याची नजर तुमच्याकडे वळवली की पुढचं काम तुमचा देह करतो, अंतर आणि वेग त्याला देहावरून कळतात. दिवे घाटातल्या त्या मुलाचा देह काळोखात होता. माझ्यापर्यंत पोचत होता तो फक्त दिवा, आणि दिव्यालाच सगळं सांगायचं होतं. देह दिसत असेल तिथे दिवा लुकलुकला तर चालेल, देह दिसत नसेल तिथे तो सलग जळलाच पाहिजे. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

म्हणून दिवसा मी स्वतः ब्लिंकवर असते. भर उन्हात मंद सलग दिव्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, आणि जुन्या रस्त्यांवर वडांच्या सावल्यांमधून ऊन-सावली-ऊन-सावली असं जाताना चालकाच्या नजरेतून सायकल खरंच निसटते. तिथे जोरदार लुकलुक लावा. दिवसाढवळ्याही दिवा लावण्यात अर्थ आहे, हे डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये सुमारे ३,८०० सायकलस्वारांना घेऊन केलेल्या प्रयोगात दिसलं: ज्यांच्या सायकलींवर दिवे कायम चालू होते त्यांचे इजा करणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले. लुकलुकणाऱ्या दिव्याला मुळातच पाप मानणारे जे शुद्धतावादी आहेत, त्यांच्याशीही माझं जमत नाही. फक्त दिवस मावळला की बटण दाबायचं. खंबाटकीच्या किंवा कात्रजच्या बोगद्यात शिरण्याआधीही दाबायचं, कारण उन्हातून आत आलेल्या चालकाचे डोळे सरावेपर्यंत काही सेकंद तुमचा देह त्याच्यासाठी नाहीसा झालेला असतो.

वादात लोक परदेशचे कायदे एकमेकांच्या तोंडावर फेकतात, त्यावर फार वेळ घालवत नाही. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये सायकलीवर लुकलुकते दिवे चालत नाहीत. ब्रिटननं २००५ मध्ये त्यांना परवानगी दिली, मिनिटाला ६० ते २४० चमका या मर्यादेत. ब्रिटनचं नाव घेणारे एक गोष्ट मात्र सांगायला विसरतात: तिथल्या हायवे कोडमध्येच, पथदिवे नसलेल्या भागात पुढचा दिवा सलग ठेवावा अशी शिफारस आहे. आपल्याकडे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांना तर हे पाठ असायला हवं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या बाराशे किलोमीटरमध्ये रात्री मागचा दिवा सलग जळता लागतो, लुकलुकता चालत नाही. त्या राइडसाठी चार-चार वर्षं तयारी करणारे आमचे मित्र इथल्या ४०० किलोमीटरच्या रात्री मात्र फलटणच्या पुढे ब्लिंकवर जातात.

‘बॅटरी टिकत नाही हो.’ या एका तक्रारीत तथ्य आहे. ब्लिंकवर तीस तास चालणारा टेल लाइट सलग लावला की आठ-दहा तासांत मान टाकतो. पण ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची मुदत २७ तासांची, त्यातले काळोखाचे तास बारा-तेरा. दोन टेल लाइट लावा, एक संपला की दुसरा. किंवा मंद पातळीवर सलग ठेवा: काळोखात मंद लाल दिवाही पुरतो, तो फक्त अखंड हवा. तिसरा लावायचाच तर तो बारीक तेजावर लुकलुकू द्या, सलग दिव्याच्या जोडीला. आणि ग्रुपमध्ये असाल तर तोही फक्त शेवटच्या सायकलीवर, मागच्याच्या डोळ्यांवर तासन्‌तास लाल हातोडे मारू नका.

माझे वडील सांगायचे, त्यांच्या तरुणपणी पुण्यात रात्री दिवा नसलेली सायकल पोलीस अडवत आणि चाकातली हवा सोडून देत. मग टायरला घासणारा डायनॅमो लावून ते गुणगुणत घरी येत. थांबलं की विझायचा, हा त्याचा दोष. पण चालताना तो सलग जळायचा, आणि लांबून येणाऱ्याला कळायचं की सायकल येते आहे. तो डायनॅमो गेला आणि त्याच्याबरोबर सलग दिव्याची सवयही गेली.

एक गोष्ट माझ्याही बाजूला टोचते, ती लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रीच्या वेळी बंद रस्त्यावर चालकांना गाडी चालवायला लावून पाहिलं की सायकलस्वार त्यांना केव्हा ओळखू येतो. हँडलवरचा दिवा, मग तो सलग असो की लुकलुकता, त्यानं ओळखण्यात फरक पडला नाही. फरक पाडला कपड्यांनी. नुसतं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घातलेला सायकलस्वार निम्म्या वेळा ओळखला गेला. त्याच जॅकेटच्या जोडीला घोट्यांना आणि गुडघ्यांना चमकत्या पट्ट्या बांधल्या तेव्हा ९० टक्के वेळा. पाय खाली-वर होताना दिसले की पाहणाऱ्याच्या मेंदूला दुसरं काही सांगावं लागत नाही, तिथे माणूस आहे. दिवे घाटात मला त्या मुलाची ओळख पटली तीही त्याच्या दिव्यावरून नाही, त्या दोन पायांवरून.

चाकणच्या रस्त्यावर रात्रपाळी सुटते तेव्हा काळ्या, जड सायकलींवरून माणसं घरी निघतात. त्यांच्याकडे ब्लिंकही नसतो आणि सलगही नसतो. त्यांतल्या काहींच्या पायडलना कंपनीनं बसवलेले पिवळे रिफ्लेक्टर अजून शाबूत असतात. हेडलाइटमध्ये ते दोन पिवळे ठिपके आळीपाळीनं वर-खाली होताना दिसतात, आणि मी गाडी बाजूला घेते, सायकल दिसण्याच्याही आधी. ज्यांचे पायडल झिजून नुसत्या लोखंडी कांड्या उरल्या आहेत, ते दिसतच नाहीत. आमच्या लाख लाख रुपयांच्या सायकलींना तर क्लीट लावायचे पायडल असतात, त्यांना मुळात रिफ्लेक्टरच नसतो.

हल्ली टपरीवर निघण्याआधी मी टेल लाइट नंतर पाहते, आधी सगळ्यांचे घोटे पाहते. माझ्या हँडलबॅगेत पट्ट्यांच्या चार जोड्या जादा असतात. मागच्या महिन्यात त्यातली एक मी चाकणच्या रस्त्यावर चहासाठी थांबलेल्या एका काकांच्या पायाला बांधून आले. “दिवा नाही का, ताई?” त्यांनी विचारलं. पुढच्या वेळी जाईन तेव्हा त्यांच्यासाठी मागचा एक दिवा न्यायचा आहे, ज्याला ब्लिंकचं बटणच नसेल असा. तो मी अजून शोधते आहे.